ओढणीवाली वैदू

"नाव सांग अन् मोकळी हो," प्रेमानंद तिसऱ्यांदा म्हणाला. मोबाईल त्यानं बहिणीच्या नाकासमोर धरला होता. "कोन हाय थे बाई?"

"किती डाव सांगू, दादा? चित्र हाय थे. खेळातलं."

"चित्राले ओढनी कायले लागते मंग?"

"ज्यानं काढलं त्याले इचार."

चुलीपुढून अन्नपूर्णाबाई ओरडल्या, "हळू बोला रे! भिंतीपल्याड बेबीताई हाय. तिचं घर थिकडं, कान आपल्या घरात." पण भाकरीवरचा त्यांचा हात थांबला नाही. बाजेवर बसलेले भाऊराव पायाची भेग न्याहाळत होते. बोलायची वेळ आली की ते पायाकडे बघत.

वैष्णवी शेतातून नुकतीच आली होती. भाऊरावांनी अर्धा एकर कपाशी बियाण्यासाठी लावली होती. नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. दुपारी मादीच्या ओळीतली एकेक कळी नखानं सोलायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, लाल कागदाची पट्टी अडकवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलावर नराचं फूल घासायचं. गावातल्या सगळ्या मुली या हंगामात उजव्या अंगठ्याचं नख वाढवत. ओळीच्या एका बाजूला वैष्णवी, दुसऱ्या बाजूला महेजबीन, अशी त्यांची जोडी चार वर्षांची होती. बी.ए. सोडल्यापासूनची.

आज सकाळी महेजबीन आली नाही. एकटीनं करता करता ऊन चढलं आणि फुलं मिटायला लागली. नंतर बांधावर कोणीतरी सांगितलं, तुझ्या भावानं सकाळीच रस्त्यात महेजबीनच्या आईला, खुर्शीदाला थांबवलं, पोरीला आवर म्हणाला.

म्हणून ती भांडायला घरी आली होती.

मोबाईल प्रेमानंदचाच जुना, काच तडकलेला. देताना त्यातला एक खेळ पुसायचा राहिला होता. त्या खेळात आपलं माणूस आपणच घडवायचं, नाव द्यायचं, आणि पाच सोबती घेऊन डोंगरदऱ्यांतून लढत जायचं. वैष्णवीनं तलवारवाली बाई घडवली आणि तिला स्वतःचंच नाव दिलं. लढाईपेक्षा तिला मुक्काम आवडायचा. मुक्कामाला सोबत्यांशी बोलता येई. कोणाची आई मेलेली, कोणाचं गाव जळालेलं. मैत्री वाढली की शेवटी पडद्यावर एक प्रश्न यायचा: माझ्यासोबत घर करशील?

तिघा पुरुषांपुढे तो प्रश्न आला, त्यात तिला नवल वाटलं नाही. मग तो दोघी बायकांपुढेही आला. अक्षरही इकडचं तिकडे नाही. आधी वाटलं, खेळ बनवणाऱ्यांची चूक असावी. चार दिवस तिनं त्या ओळीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी लावला. दोघींपैकी एक तिरंदाज होती, दुसरी डोक्यावरून निळी ओढणी घेणारी वैदू. तिनं वैदूला विचारलं. वैदू म्हणाली, मला वाटलं तू विचारणारच नाहीस.

पुढे काहीच झालं नाही, हेच तिला सोसेना. खेळातल्या गावानं दगड उचलले नाहीत. लोहारानं विचारलं, घर कुठं बांधता? एका म्हातारीनं शेळी दिली. वैष्णवीनं मोबाईल उपडा ठेवला आणि पदरात तोंड घालून रडली. आईनं विचारलं तेव्हा म्हणाली, दाढ दुखते. काल ती शेतात असताना प्रेमानंदनं तो मोबाईल उघडून पाहिला होता, आईलाही दाखवला होता.

"आता पाह्य," प्रेमानंद म्हणाला. "म्या कालच दुरुस्त केलं. तुही थे तलवारवाली देल्ली सरदाराले. झालं लगन."

वैष्णवीनं मोबाईल हिसकावला. खेळात जिथवर आलो ते एकाच जागी जपून ठेवता येई. आधीचं पुसून त्यानं त्यावरच ठेवलं होतं. तिघा पुरुषांतला दाढीवाला सरदार तिच्या तलवारवालीच्या शेजारी उभा होता. ओढणीवाली मुक्कामावर नव्हती. कुठं गेली, ते कळायला मार्ग नव्हता.

"मले न इचारता?"

"त्यात काय इचारायचं?" त्याला खरंच कळलं नाही.

अन्नपूर्णाबाई भाकर उलटून म्हणाल्या, "मले एकच सांग वं. थे बाई महेजबीनच हाय ना? तशीच ओढनी, तशीच मान घालून बसते."

"नाही, माय. तिले तं खेळ मालूम बी नाही."

हे खरं होतं. आणि तिरंदाज सोडून ओढणीवालीच का निवडली, हे वैष्णवीला आतल्या आत ठाऊक होतं, तेही खरं होतं. चार वर्षांत महेजबीनला तिनं एवढंच म्हटलं होतं, तुह्या बाजूच्या कळ्या लवकर होतात.

भाऊरावांनी पाय खाली सोडला. "बोलनं बंद करा. रविवारी पिंपळगाव राजाचे पाहुने साक्षगंधाले येतात. तवाच लगन लावून टाकू. लोक बी चांगलं म्हनतील, अशा सालात खर्च टाळला म्हून."

बोंडअळीच्या सालापासून ही रीत पडली होती. पाहुणे साखरपुड्याचं कुंकू लावायला येत. कोणीतरी जाणता उठून म्हणे, दोनदा खर्च कशाला? तासाभरात मंगळसूत्र. टाळ्या पडत, पेपरात दोन ओळी येत. मुलीला विचारायला त्या तासाभरात कोणालाच सवड नसे.

"अन् त्याइच्या कानावर गेलं तं?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"त्याचा बंदोबस्त हाय माह्यापाशी," प्रेमानंद म्हणाला. "मोबाईल महेजबीननं नेला होता, थे खटपट तिचीच, असं सांगू. हिनं फक्त हाव म्हनाचं. आपल्या पोरीवर काही येत नाही. तिचं नाव गेलं तं गेलं, तिचे लोक पाहून घेतीन."

"तिचंही ठरून राह्यलं हाय," वैष्णवी म्हणाली. "मेहकरचं स्थळ हाय."

"मंग? तुले तिचा कायले पुळका?"

अन्नपूर्णाबाईंनी तवा उतरवला. बाहेर आल्या, लेकीच्या समोर बसल्या. आवाज अगदी मऊ केला. "हाव म्हन, माय. एक शब्द तं हाय. म्या बी म्हनलं होतं हाव, तुह्या बापाच्या वेळी. कोनी मेलं का?"

भाऊराव पुन्हा पायाकडे बघू लागले.

वैष्णवीनं आईच्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या पेरांत पीठ वाळलं होतं. हो म्हटलं की हे सगळं आजच मिटणार होतं. रविवारी हिरवा चुडा, सोमवारी पिंपळगाव राजा. आणि खुर्शीदाच्या घराचं दार आतून बंद. रस्त्यात बोललेलं प्रेमानंदचं एक वाक्य अजून पुसता आलं असतं. ती हो म्हणाली की ते कायमचं होणार होतं, आणि या वेळी त्यावर तिचं स्वतःचं नाव असणार होतं.

"बोल ना वं," प्रेमानंद म्हणाला. "एका शब्दाले किती येळ?"

तिनं मोबाईल त्याच्या हातात परत दिला. उठली, ओसरीच्या दारात गेली आणि भिंतीपलीकडे बेबीताईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, घाई न करता म्हणाली, "खेळ म्या खेळला. थे बाई म्याच निवडली. महेजबीनचा त्याच्यात काहीच संबंध नाही, अन् हे म्या आत्ता खुर्शीदाचाचीले जाऊन सांगतो. पिंपळगावाले फोन करून टाका, बाबा. रविवारी कोनी येऊ नका म्हना. म्या लगन करत नाही."