तांडेल आणि बर्फातला कंप्युटर

तांडेल ट्रकच्या वायरी चाटून बघायचा. बॅटरीची टोकं सोडवायची, कनेक्टर उपसायचा, त्यातली एक पिन जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "खाडीचं पानी." किंवा, "बॅटरीचं आसिड." किंवा नुसतंच, "डायवर तंबाखू थुकतो." हा शेवटचा निकाल चारचौघांत मिळाल्यामुळे बोईसरचे निम्मे ड्रायव्हर त्याच्या शेडकडे फिरकायचे नाहीत.

तो दांडीचा, किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावचा. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, पण हा कधी कुठल्या होडीचा प्रमुख नव्हता. होडीत बसला की त्याला उलट्या व्हायच्या. बंदराला लागलेल्या होड्यांची इंजिनं तो काठावर उभा राहून शिकला आणि मग कुंभवलीत पत्र्याची शेड टाकून ट्रकच्या वायरिंगकडे वळला. नाव पडलं ते हुकूम सोडण्यामुळे. समोर ट्रकचा मालक असो की कारखान्याचा मॅनेजर, हा बॉनेटवरून ओरडायचा, "ए, तो दिवा धर! हलू नको! हललास तर माजं नाव घेऊ नको!" आणि माणसं मुकाट दिवा धरायची. मीही धरला आहे.

मी कोणापुढे मुकाट राहणारी बाई नाही. कारखान्याच्या गेटवर चहाची टपरी टाकली तेव्हापासून भांडून खाते आहे. टपरीतून टेम्पो झाला, टेम्पो मी स्वतः चालवला, मग अवजड गाडीचं लायसन काढलं आणि जुना ट्रक घेतला. एकच. तारापूरच्या एका कारखान्याचं वर्षभराचं वाहतुकीचं काम मला मिळायची वेळ आली आणि नेमका तेव्हाच तो ट्रक आजारी पडला. सोमवारी सकाळी गाडी गेटवर तपासणीला उभी करायची होती. नाही केली, तर काम रांगेतल्या पुढच्या माणसाला. तो माणूस मिशीला पीळ देत बसलाच होता.

ट्रकचा आजार विचित्र. थंड असताना घोड्यासारखा पळायचा. तापला की चिल्हारच्या रस्त्याला चढावर मध्येच गप्प. अर्धा तास उभा केला की पुन्हा चालू. आम्ही फिल्टर बदलला, डिझेलचा पाइप बदलला, सेन्सर बदलला. शोरूममध्ये नेला तर तिथल्या पोराने मला बाकावर बसवून विचारलं, "मालक कधी येणार आहेत?" मी म्हटलं, "येऊन बसलेत." मग त्याने सांगितलं की ईसीएम गेला. इंजिनला कधी आणि किती डिझेल द्यायचं ते ठरवणारा कंप्युटर म्हणजे ईसीएम. म्हणाला, या मॉडेलचा आता बनत नाही, मागवून बघू, महिना तरी धरा. त्याचं निदान बरोबर होतं, हे मला कबूल आहे. पण तो "मालक कधी येणार" मी अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

शुक्रवारी दुपारी ट्रक तांडेलच्या शेडसमोर उभा केला. त्याने क्लीनरच्या बाजूचं पायाखालचं झाकण उघडलं, ईसीएमचा कनेक्टर काढला आणि पिन जिभेला लावली. डोळे मिटले. उघडले. पुन्हा लावली.

"काय रे, खाडीचं पाणी?"

"नाय बाय." त्याचा चेहरा लहान पोरासारखा उजळला. "गोड हाय!"

मग तो इतका हसला की खाली बसला. माझा ड्रायव्हर लहानू दर अमावास्येला गाडीला नारळ फोडतो. सगळेच फोडतात. पण सगळे फोडतात बाहेर, चाकापुढे. लहानूच्या मते रस्त्यावर सांडलेलं पाणी रस्त्याला पावतं, गाडीला नाही. म्हणून तो केबिनमध्ये, डॅशबोर्डवरच्या देवासमोर, तिथल्या लोखंडी पट्टीवर नारळ आपटायचा. बरोबर खाली ईसीएम. किती अमावास्या तो बिचारा नारळपाणी पीत होता देव जाणे.

मी लहानूवर तुटून पडले. तांडेल मध्ये आला. "त्याला कशाला वरडता? नारल कोन आनून देतं?"

नारळ मी आणून देत होते. घाऊक भावात.

पिना त्याने घासल्या, पण डब्याच्या आतली सर्किटची पट्टीही पाण्याने खाल्ली होती. "मेला नाय," तांडेल डबा कानाशी हलवत म्हणाला, "पन मरतोय. दुसरा पायजे."

"उद्या बसव."

"चार दिवस."

"सोमवारी गेट आहे. उद्या."

"बाय, हा कंप्युटर हाय, बोंबील नाय, का पायजे तेवा सुकवला."

रविवारच्या दुपारवर सौदा ठरला. इतरांना मी दिवसभर घोळवते. तांडेलपुढे मला एवढंच मिळालं.

शनिवारी मनोरजवळच्या भंगारवाल्याकडे गेलो. त्याच मॉडेलचा अपघात झालेला ट्रक त्याच्या अंगणात होता. वाटेत मी तांडेलला बजावलं, "तू फक्त बघायचं. तोंड उघडायचं नाही. हवा तो असला तर डोकं खाजव." त्याने मान डोलावली. तिथे मी भंगारवाल्याशी टायरबद्दल बोलले, पत्र्याबद्दल बोलले, कंटाळल्यासारखी जांभई दिली आणि जाता जाता म्हटलं, "तो काळा डबा कसला आहे? बघू जरा." सुंदर चाललं होतं. तांडेलने डब्यावरचा नंबर फडक्याने पुसला आणि दोन्ही हात वर करून नाचायलाच लागला. "हाच! बाय, हाच तो! नंबराला नंबर! आई शप्पत, पानी पन नाय शिरलं!"

भंगारवाला खुर्चीत मागे रेलला. "अब तो बहनजी, बात ही अलग हो गई."

त्या दिवशी मी जे दिलं ते आठवलं की आजही माझा घास अडतो. परतीच्या वाटेवर मी तांडेलशी एक शब्द बोलले नाही. तो मात्र डबा मांडीवर घेऊन सगळी वाट बोलत होता. "बाय, किती नशीबवान हाव आपन!"

रविवारी मला कळलं की डबा नुसता बसवून भागत नाही. प्रत्येक ईसीएमच्या पोटात त्याच्या स्वतःच्या गाडीची माहिती असते. किल्ली कोणती, डिझेल फवारणारे इंजेक्टर कसे, सगळं. ती माझ्या जुन्या डब्यातून लॅपटॉपवर काढायची आणि नव्यात भरायची. जुना डबा तेवढा वेळ जिवंत राहायला हवा होता. आणि तो तापला की मरत होता. तांडेलने तारा जोडल्या, अर्धीअधिक माहिती आली आणि डबा गप्प. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. पत्र्याखाली भट्टी झाली होती. लहानू देवाचं नाव घ्यायला लागला, तर तांडेल ओरडला, "नारल आनलास तर बघ!"

मग तो एकदम उठला, मोटारसायकल काढली आणि काही न सांगता गेला. मला वाटलं, पळाला. मी शेडच्या खांबाला लाथ मारली. तो आला तेव्हा मागे मासळीची थर्माकोलची पेटी बांधलेली होती. दांडीहून वहिनीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, पापलेटखालचा बर्फ उचलून आणला होता. वहिनी मागून शिव्या देत होती म्हणे.

त्याने जुना डबा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळला, तारा वर काढून तोंड घट्ट बांधलं आणि तो बर्फात पुरला. सगळी शेड मासळीने घमघमली. लॅपटॉपवर हिरवी पट्टी सरकायला लागली.

"कोनी शिंकू पन नका," तांडेल कुजबुजला. त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजताना ऐकलं.

पट्टी सरकत होती, बर्फ वितळत होता. मी पेटीच्या कडेला बसून हाताने बर्फ डब्याकडे लोटत राहिले. बोटं बधिर झाली. पट्टी अर्ध्यावर आली, गेल्या वेळेला मेला होता तिथे आली, तिच्या पुढे गेली. लहानूने डोळे झाकून घेतले. आणि पट्टी भरली! तांडेलने मला अशी मिठी मारली की वहिनीने पाहिलं असतं तर बर्फापेक्षा मोठं भांडण झालं असतं.

नव्यात माहिती भरली, डबा जागेवर बसला, कनेक्टर खटकन लागला. लहानू किल्ली घेऊन चढायला लागला, तसा तांडेलने त्याला शर्टाला धरून खाली ओढलं. "तू बाजूला. मालकीन बसल."

मी बसले. किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि धरलं! तासभर आम्ही ट्रक तापवला, चिल्हारच्या चढावर नेऊन पिळला. थांबला नाही. सोमवारी गेटवर गाडी उभी राहिली तेव्हा मिशीवाला माझ्याकडे बघत होता. मी नारळ फोडला. बाहेर. त्या कामावर माझा दुसरा ट्रक आला, मग तिसरा.

काही वर्षांनी रस्ता रुंद व्हायचा म्हणून तांडेलची शेड पाडायचं ठरलं. मी त्याला माझ्या अंगणात जागा देऊ केली. भांडून बघितलं, धमकावून बघितलं. तो म्हणाला, "आता हात कापतो, बाय. बारीक पिन दिसत नाय. घरी जातो." मला राग आला. अजून आहे. माझ्या गाड्या कोणाच्या भरवशावर सोडून निघालास, असं विचारायचं होतं. त्याचं सामान न्यायला तोच जुना ट्रक मी स्वतः घेऊन गेले. दांडीपर्यंत तो शेजारी बसला आणि वाटभर एकही हुकूम सोडला नाही.

सामान उतरलं. मी इंजिन बंद करायला हात पुढे केला.

"बंद नका करू," तो खालून म्हणाला. "आसाच न्या. मी आयकतो."

मी गाडी वळवली. सरळ मोकळा रस्ता होता, एरवी मी तिथे लगेच वरचा गिअर टाकते आणि इंजिनाचा आवाज बसतो. त्या दिवशी वळण येईपर्यंत टाकला नाही. इंजिन ओरडत राहिलं, डिझेल जळत राहिलं, आणि आरशात तो वाळत घातलेल्या मासळीच्या बांबूंपाशी मान तिरकी करून उभा होता.