आत्याचं सोमवारचं ऑपरेशन

मार्चमधली गोष्ट. नागपूरच्या एका हॉस्पिटलमध्ये मी, आई आणि बाबा एका डॉक्टर मॅडमसमोर बसलो होतो. दोन महिन्यांपूर्वी माझ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीवरची गाठ काढली होती... किडनीच्या वर टोपीसारखी बसलेली ही ग्रंथी. आपल्याला ती असते हेसुद्धा मला बत्तिसाव्या वर्षी कळलं.

त्याआधी तीन वर्षं मी वाशीमच्या आमच्या बँकेत काउंटरवर बसल्या बसल्या घामाने भिजायचे. छाती धडधडायची, डोकं ठणकायचं आणि अर्ध्या तासात सगळं शांत. कोणी ॲसिडिटी म्हणालं, कोणी टेन्शन, कोणी म्हणालं लग्न करून टाका... शेवटी एका डॉक्टरांनी ऐन त्रासात बीपी मोजलं, ते भलतंच वाढलेलं निघालं, आणि मग गाठ सापडली.

या मॅडम जेनेटिक्सच्या. अशा गाठी ज्या घरांमध्ये पिढ्यानपिढ्या येतात, त्या घरांवर त्यांचं संशोधन चालू आहे. माझ्या रक्तात त्यांना एका जीनमधला दोष सापडला होता, आणि तोच बाबांच्या रक्तातही निघाला. बाबांना गाठ नव्हती, पण दोष होता. आता मॅडमना बाबांकडचं सगळं गणगोत कागदावर हवं होतं.

आजोबा चाळिशीतच शेतात बसल्या जागी गेले, हे बाबांनी सांगितलं. भाऊ नाही, हेही सांगितलं. मॅडमनी विचारलं, "बहीण?"

"नाही," बाबा म्हणाले.

मी खाली बघत राहिले. बाबांना बहीण आहे, धाकटी. मी सहा वर्षांची असताना तिने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं, आणि त्या दिवसापासून जऊळक्याच्या आमच्या घरात तिचं नाव कोणी घेतलं नाही. मीही नाही...

मॅडम पुढचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात आई बोलली. डॉक्टरांसमोर कधी तोंड न उघडणारी माझी आई! "आहे ना मॅडम. एक बहीण आहे यायले. आमच्या वाशीमकडल्या मालेगावले राह्यते."

बाबा खिडकीकडे बघायला लागले. मॅडमनी फक्त शांतपणे सांगितलं की हाच दोष बहिणीत असण्याची शक्यता निम्मी आहे. गाठ असली आणि कोणाला माहीत नसली, तर एखाद्या साध्या ऑपरेशनमध्ये भूल देतानाही जीव जाऊ शकतो. "त्यांना कळायला हवं," एवढंच म्हणाल्या.

दोन दिवस असेच गेले. शुक्रवारी सकाळी बाबा चपला घालून अंगणात उभे. "चाल, मालेगावले जाऊन येऊ." आईने पत्ता सांगितला, शेवटच्या वळणासकट. तिला तो कसा माहीत, हे बाबांनी विचारलं नाही...

माझ्या स्कूटीवर बाबांना मागे बसवून मालेगाव गाठलं. गावाबाहेर आत्याचा भाजीपाल्याचा मळा. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. बाबांना बघून हातातली जुडी तशीच धरून उभी राहिली.

"ये ना दादा... उभा काहून राह्यला?"

पाणी दिलं. मग मीच सगळं सांगितलं. घाम येणं, धडधडणं, डोकं ठणकणं... आत्या हसायलाच लागली. "अवं, मले तं पाच वर्षांपासून होते हे! पाळी जायचं वय आहे म्हणतेत. सोमवारी गर्भपिशवी काढून टाकून राह्यले, मंग सारंच थांबीन."

सोमवारी! म्हणजे तीनच दिवसांनी तिला भूल देणार होते.

"सोमवारी जायचं नाही," बाबा पहिल्यांदा बोलले. "माह्यासंगं नागपूरले चाल."

आत्याचा चेहरा बदलला. "सव्वीस वर्षांनी आला, अन् आल्या आल्या हुकूम सोडून राह्यला?"

"हुकूम नाही वं बाई," बाबा म्हणाले. "हात जोडतो." आणि त्यांनी खरंच हात जोडले. माझ्या बाबांना मी देवळाबाहेर असे हात जोडताना कधीच पाहिलं नव्हतं. आत्या मट्कन खाली बसली आणि रडायला लागली...

मी बांधावर जाऊन मॅडमना फोन लावला. त्यांनी आत्याच्या डॉक्टरांशी स्वतः बोलून सगळं समजावलं. त्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन थांबवलं. पुढच्या आठवड्यात नागपूरला तपासण्या झाल्या आणि गाठ निघाली. माझ्या गाठीपेक्षा मोठी.

आधी काही आठवडे औषधं देऊन बीपी ताब्यात आणलं, मग मे महिन्यात ऑपरेशन. थिएटरबाहेर बाबा आणि आत्याचे मिस्टर शेजारी शेजारी बसले होते. पहिला तास एक शब्द नाही. मग वांग्यावरच्या अळीचा विषय निघाला, आणि आत्याला बाहेर आणलं तरी दोघांचं चालूच!

आत्या आता ठणठणीत आहे. तिच्या मुलीत दोष नाही, मुलात आहे. पण नियमित तपासणी ठेवली तर गाठ आली तरी वेळेत सापडेल, म्हणून घाबरायचं नाही असं मॅडमनी त्याला समोर बसवून सांगितलं. त्यानेही मोकळेपणाने शंभर प्रश्न विचारले.

रक्तातला दोष काही जाणार नाही, तो आमच्यासोबतच राहील. पण पुढच्या महिन्यात तपासणीला जायला दोन्ही घरांनी मिळून एकच गाडी ठरवली आहे. भाकरी आणि वांग्याची भाजी मी आणते, असा आत्याचा काल फोन आला... बाबांच्या मोबाईलवर. मॅडम, तुमचे आभार कसे मानायचे ते खरंच कळत नाही.