चिखलातली नवरी

ज्या कामाबद्दल बाहेर बोलायला बंदी असते, त्या कामाचे किस्से सर्वांत जास्त साचतात, असे माझे निरीक्षण आहे. अहवालात फक्त निकाल जातो. मग माणसे जाणार कुठे? ती किश्श्यांत जाऊन बसतात!

पुढे सांगतो त्यातले बहुतेक मी स्वतः पाहिले आहे. शेवटचा प्रसंग मात्र ऐकीव. तो मी प्रथम ऐकला आमच्या जीपचे चालक गोपाळभाऊ यांच्याकडून, साकोलीच्या रस्त्यावर पंक्चर झालेले चाक बदलताना. आणि त्याच संध्याकाळी, विश्रामगृहाच्या ओसरीवर चहा घेताना, हवालदार बलबीरसिंग यांच्याकडून. दोघांच्या सांगण्यात जिथे फरक पडतो, तिथे तसे नमूद करीन.

सत्तरचे दशक संपून ऐंशीचे लागत होते. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून नागपूरहून नुकताच त्या तुकडीत कनिष्ठ साहाय्यक म्हणून रुजू झालो होतो. भंडारा जिल्ह्यात सानगडीच्या पुढे एका तलावाला लागून उघडी टेकडी होती. तिच्या पायथ्याशी आमचे काम चाले. काम एकच : आपल्या देशात, पहिल्या रेषेपासून आपणच आखलेल्या एका हलक्या रायफलीची चाचणी. जवानांच्या खांद्यावरची रायफल बनत इथेच होती, पण तिचा आराखडा मूळचा परका होता. नवीचा आराखडा कुंटेसाहेबांचा. पुण्याचे हे अबोल गृहस्थ. तारुण्याची उत्तम वर्षे त्यांनी तिच्यात घातली होती.

त्या हिवाळ्यात तिचा निकाल लागणार होता. चिखलाच्या चाचणीत ती टिकली तर पुढे जायची. तीनदा अडकली, तर प्रकल्प गुंडाळून परदेशी रायफल विकत घ्यायची, असे ठरले होते. हे ठरवणारे परीक्षक मेजर सूद दिल्लीहून आले होते आणि सोबत मखमली पेटीत तो परदेशी नमुनाही आणला होता.

✻

गुप्तता राखण्यासाठी आमच्या जीपवर ‘भूजल सर्वेक्षण’ अशी पाटी लावलेली होती. ही युक्ती ज्याला सुचली, तो पावसाच्या भरवशावरच्या मुलखात कधी राहिलेला नसावा. रोज सकाळी विश्रामगृहासमोर शेतकऱ्यांची रांग! “साहेब, विहीर कुठं खोदू जी?”

कुंटेसाहेब प्रत्येकाला नम्रपणे सांगत, “अभ्यास चालू आहे.” आणि दुपारी टेकडीच्या पायथ्याशी आमचा अभ्यास सुरू होई : धाड, धाड, धाड!

एके दिवशी कोंढ्याहून आलेले एक वृद्ध पाटील बांधावर बसून हा आवाज बराच वेळ ऐकत राहिले. मग उठून कुंटेसाहेबांजवळ आले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, “काहून जी साहेब, पाणी लागून नाई रायलं म्हणून त्याले गोळ्या घालून रायले का?”

कुंटेसाहेब हसले, तो मी पाहिलेला पहिला प्रसंग.

✻

रायफलीला नाव नव्हते, फक्त क्रमांक होता. नाव दिले गोपाळभाऊंनी. ते सानगडीचेच. पहिल्याच दिवशी त्यांनी पाहिले की एक लांबट वस्तू कापडात गुंडाळून आणतात, सगळे तिच्याकडे पाहतात, पण हात कोणी लावत नाही. ते म्हणाले, “हे तं नवरी हाय जी!”

झाले! त्या दिवसापासून ती नवरी, कुंटेसाहेब वधूपिता आणि मेजर सूद मुलाकडचे. कुंटेसाहेबांनी आक्षेप घेतला नाही. उलट त्याचा उपयोग करून घेतला. पुण्याला ट्रंककॉल करायचा तर गावच्या पोस्टातूनच करावा लागे आणि तिथे स्टँप घ्यायला आलेली माणसेही कॉल संपेपर्यंत थांबत. तेव्हा रायफल हा शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती.

मी शेजारी उभा होतो. कुंटेसाहेब रिसीव्हरमध्ये ओरडून सांगत होते, “मुलगी बरी आहे! हो, हो, बरी आहे! फक्त माती पोटात गेली की घास अडकतो!”

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमास्तर स्वतः विश्रामगृहावर आले. हातात गूळ-शेंगदाण्यांचे लाडू. म्हणाले, “साहेब, वाईट वाटून घेऊ नका. पण पोरगी माती खाते, म्हंजे तिच्या अंगात लोह कमी असन जी!”

कुंटेसाहेबांनी लाडू घेतले. पोस्टमास्तर फाटकाबाहेर गेल्यावर हळूच म्हणाले, “लोहाशिवाय आहे काय तिच्यात?”

✻

मेजर सूद शिस्तीचे. त्यांचे म्हणणे असे की दोन्ही रायफलींना एकच, प्रमाणित चिखल मिळाला पाहिजे. तत्त्व म्हणून ते योग्यच होते, हे मला मान्य करावे लागेल. पण तो प्रमाणित चिखल त्यांनी दिल्लीहून सीलबंद पिंपांत, मालगाडीने मागवला!

पिंपे सोडवून घ्यायला गोपाळभाऊ आणि मी भंडारा रोड स्टेशनवर गेलो. पार्सलबाबूंनी विचारले, “यात काय हाय जी?”

मी म्हणालो, “चिखल.”

बाबूंनी चष्मा काढला. खिडकीतून बाहेर पाहिले. बाहेर, नजर पोहोचेल तिथवर, धानाचे बांध. ते म्हणाले, “चिखल? भंडाऱ्यात?”

“हो.”

“मंग असं करा साहेब, पुढच्या गाडीनं धानही मागवून घ्या!”

 परतताना गोपाळभाऊ म्हणाले, “मले लाज वाटली जी. लोकाच्या पोरीले मागणं घालाचं आन् हळदही दिल्लीहून आणाची!”

पिंपे उघडली तेव्हा आतला चिखल वाळून विटेसारखा झालेला होता. तो भिजवायला तलावाचे पाणी घालावे लागले. पाणी घातले तेव्हा प्रमाण बिघडले. मग मेजर सूद यांनी बराच विचार करून हुकूम दिला की आता सगळेच इथले वापरा : पाणीही आणि गाळही.

✻

इथल्या काळ्या, चिकट गाळात नवरी अडकली. एकदा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. परदेशी पाहुणीही अडकली, पण तेव्हा सूद म्हणाले, “यह मिट्टी कुछ ज़्यादा ही चिपचिपी है.”

बलबीरसिंग हे आमचे नेमबाज. शिपाई माणूस, अधिकाऱ्यासमोर बोलणार नाही. पण रायफल पुसताना ते आपल्याशीच पुटपुटले, “अपनी अटके तो राइफल का क़सूर, उनकी अटके तो मिट्टी का!”

कुंटेसाहेबांनी वाद घातला नाही. दार लावून घेतले आणि दोन दिवस कानस चालवत बसले. सरकणाऱ्या भागांत गाळाला बाहेर पडायला वाट हवी, ती त्यांनी मोकळी केली. बाहेर आले तेव्हा बोटे काळी, चेहरा मात्र शांत. मी विचारले, “सर, आता चालेल?” म्हणाले, “चालेल.” त्यांनी ‘बहुधा’ हा शब्द वापरला नाही, याची मी मनात नोंद घेतली.

त्यांना खंत होती ती दुसरीच. मेजर सूद यांनी नवरीला एकदाही हात लावलेला नव्हता. ते लांब खुर्चीवर बसत, दुर्बिणीतून बघत. कुंटेसाहेबांनी दोनदा सुचवले, “मेजरसाहब, एक राउंड आप चलाइए.” दोन्ही वेळा उत्तर आले, “परीक्षक हाथ नहीं लगाता, मिस्टर कुंटे.”

त्यावर गोपाळभाऊंचा शेरा : “पाहाले आलेला माणूस पोहे खात नाई, म्हंजे सोयरीक मोडाची हाय!”

तिसरी, म्हणजे शेवटची चाचणी तलावावर ठरली. डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, मध्यावर जायचे, दोराला बांधलेली रायफल गाळात सोडायची, वर काढून लगेच झाडायची. आणि नेमके त्याच दिवशी, जुन्या स्प्रिंगा प्रयोगशाळेत पोहोचवण्यासाठी, मला नागपूरला धाडण्यात आले.

✻

इथून पुढचे ऐकीव.

त्या दिवशी तलावावर मच्छिमार सोसायटीचे जाळे लागलेले होते. सोसायटीचे म्होरके सोमाजी. वयस्कर, सडसडीत, आवाज मात्र अख्ख्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पोहोचणारा. कुंटेसाहेब आणि बलबीरसिंग डोंग्यात बसून तलावाच्या मध्यावर गेले. मेजर सूद पाळीवर, खुर्चीवर. रायफल खाली सोडली आणि दोर मोकळाच वर आला!

नवरी तळाशी. आणि ती एकुलती एक सुधारलेली. दुसरी तशी नव्हती. सापडली नाही, तर चाचणीच नाही. चाचणी नाही, तर पेटीतला नमुना आयताच जिंकला.

बलबीरसिंगांनी पाण्यात बुड्या मारल्या. हाती आले शिंगाड्याचे वेल. शेवटी कुंटेसाहेबांनी सोमाजींना हाक मारली. सोमाजींनी जाळे तिकडे वळवले. गाळामुळे ते इतके जड झाले की माणसे कमी पडू लागली. तेव्हा कुंटेसाहेबांनी काठाला येऊन, पँट दुमडून जाळ्याचा दोर धरला. गोपाळभाऊंनी धरला. आणि सोमाजी पाळीकडे बघून ओरडले, “ओ खुर्चीवाले साहेब! पाहून काय रायले? हात लावा!” मेजर सूद फौजी माणूस; असा हुकूम आला की पाय आपोआप हलतात. त्यांनीही दोर धरला.

जाळे वर आले. मरळ, रोहू आणि त्यांच्या मधोमध, वेलात गुंडाळलेली, गाळाने माखलेली नवरी.

बलबीरसिंग पुढे झाले. सोमाजींनी हात आडवा घातला. “थांबा जी. जाळ्यात आलं ते ढिगात. ढीग वाटल्याबिगर काही हालत नाई. ज्याचा हात दोराले, त्याचा वाटा. आमच्या तलावाचा कायदा हाय.”

“अरे, यह सरकारी है!” मेजर सूद म्हणाले.

“तलावही सरकारीच हाय ना जी. मंग मच्छी कोण खाऊन रायलं?”

मेजर सूद लाल झाले. पण कुंटेसाहेब शांतपणे म्हणाले, “सोमाजी, ही तोडून कशी वाटणार?”

“तोडाची कायले? मागं पितळी हंडा आलता जाळ्यात. तोडला नाई. ज्याच्या घरी लगन, त्यानं पाळीपाळीनं वापरला. हिचीही पाळी लावा.”

“म्हणजे एकेकाला एकेक गोळी?”

“हाव जी. मंग नवरी तुमची!”

सूद म्हणाले की हे बेकायदा आहे. कुंटेसाहेब म्हणाले की वाद घालत बसलो, तर गाळ वाळेल. त्यांनी रायफल उलटी धरून नळीतले पाणी काढले, नळीतून आरपार उजेड दिसतो एवढी खात्री केली आणि बाकी गाळ होता तसाच ठेवला. पहिली गोळी त्यांनी स्वतः झाडली. “माझाही हात होता दोराला.”

धाड!

मग एकेक जण. प्रत्येकाच्या मागे बलबीरसिंग, खांद्याला खांदा लावून, नळी टेकडीकडे धरून. धाड! एक जण डोळे मिटून. धाड! एक जण झाडल्यावर तिला नमस्कार करून. धाड! गोपाळभाऊंनी झाडली आणि ओरडले, “बाप्पा! नवरी लाजत नाई जी!” शेवटी सोमाजी. धाड! खटक्यात गाळ होता, वेलाचे पान चिकटलेले होते; पण घास अडकला नाही.

सोमाजींनी रायफल खाली ठेवली नाही. ती दोन्ही हातांवर आडवी घेऊन ते मेजर सूद यांच्यापुढे उभे राहिले.

“घ्या जी.”

“मैं नहीं. मैं परीक्षक हूँ.”

“ते मले समजत नाई. तुमचा हात दोराले होता. एकाचा वाटा रायला तं ढीग उठत नाई, आन् ढीग उठल्याबिगर कोणी घरी जात नाई.”

पाळीवर सगळे थांबले होते. मासळी उन्हात होती. मेजर सूद यांनी कोट काढला, गोपाळभाऊंच्या हातात दिला आणि नवरी खांद्याला लावली.

धाड!

गोपाळभाऊ म्हणतात, साहेबांनी रायफल लगेच परत दिली. बलबीरसिंग म्हणतात, नाही; त्यांनी ती हातात तोलली, सरकता भाग मागेपुढे करून पाहिला आणि विचारले, “एक और मिलेगा?”

सोमाजी म्हणाले, “नाई जी. वाटा एकच.”

मी नागपूरहून परतलो, तेव्हा मखमली पेटी दिल्लीला रवाना झालेली होती आणि नवरी बर्फाळ भागातल्या पुढच्या चाचणीसाठी बांधली जात होती. एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

ज्याची खात्री मला कधीच करता आली नाही, ते असे. पुढे कामानिमित्त आंधळगावकडच्या आणि पवनीकडच्या तलावांवर मी गेलो. तिथल्या मच्छिमारांना वाट्याच्या या कायद्याबद्दल विचारले. मासळीचा वाटा सगळ्यांना ठाऊक होता. पितळी हंड्याची गोष्ट कोणीच ऐकलेली नव्हती. दोर कुजका होता, असे गोपाळभाऊ म्हणतात. दोर नवाकोरा होता आणि गाठ कुंटेसाहेबांनी स्वतः मारली होती, असे बलबीरसिंग म्हणतात. चाचणीच्या आदल्या दिवशी कुंटेसाहेब सोमाजींच्या अंगणात उकडलेले शिंगाडे खात बसलेले होते, याबद्दल मात्र दोघांचे एकमत आहे.