बोंबलांच्या काठीवरची वर्दी

आम्हाला कवायत शिकवणाऱ्या उस्तादांचं एक ठरलेलं वाक्य होतं. पाय चुकला की, "सरकार तुमच्यावर किती खर्च करतंय, कल्पना हाय का?" बुटाला पॉलिश कमी, तरी तेच. भात परत घेतला, तरी तेच. जसं काही ह्यांच्याच खिशातून जात होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. करावे गावातून पोलिसात भरती झालेली मी पहिलीच पोरगी. ट्रेनिंग घाटावर. दीक्षांत संचलनाआधी एक दिवस सुट्टी मिळाली, तशी मी वर्दी घेऊन घरी आले. कपड्याला खळ घालावी ती आमच्या आयनंच. आय नेरूळच्या बाजारात सुकी मासळी विकायची. तिनं वर्दी भाताच्या पेजेत बुडवली आणि अंगणात बोंबील वाळवायच्या काठ्यांवर टाकली. ऊन तिथंच चांगलं लागतं ना! इस्त्रीनंतर वर्दी पत्र्यासारखी कडक. आणि वास? आमच्या घरात त्याला कुणी वास म्हणतच नाही.

परत गेल्यावर, संचलनाच्या आदल्या दिवशीच्या तपासणीत उस्ताद माझ्यासमोर आले आणि झटकन मागे सरले. शेजारची पोरगी हसू दाबून लालेलाल.

"ही वर्दी मैदानात नको. उद्या तू पाहुण्यांत बस."

आय-बाबा अर्धी आळी टेम्पोत घालून येणार होते, ते काय मला खुर्चीत बसलेली बघायला? रडत रडत साबणाने वर्दी घासली. खळ गेली, इस्त्री गेली. सकाळी उस्तादांनी हुंगून बघितलं.

"अजून येतोय. जा, शेवटच्या रांगेत उभी राहा."

वर्दी लोंबत होती, पण मी अशी छाती काढून चालले की काय सांगू. फार फार आनंद झाला होता मला.

संचलन संपल्यावर आय सुक्या बोंबलांच्या चटणीचा डबा घेऊन उस्तादांपुढे उभी राहिली. ते सवयीनं म्हणाले, "मावशी, सरकारनं लय खर्च केलाय हिच्यावर."

"केला असंल, साहेब," आय म्हणाली. "पन ही तुमच्या दारापर्यंत आली ती कोनाच्या खर्चानी? ह्याच बोंबलांच्या."

उस्तादांनी डबा उघडला, चटणी चाखली आणि आयला कडक सॅल्यूट ठोकला. मला तसा अजून कुणी ठोकलेला नाही.