आकड्यांच्या बाळाचं काळीज

आधीच सांगून ठेवतो, या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आलो. माझं शिक्षण फिजिक्सचं. तेव्हा लिंबू-मिरचीचे सल्ले कुणी देऊ नयेत, डोकं फिरतं माझं.

साल २००१. मी मूळचा वसमतचा, तेव्हा पुण्यात एका संस्थेत प्रोजेक्टवर होतो. तान्ह्या बाळाचा एक्स-रे काढला तर कुठल्या अवयवाला किती किरण लागतात, हे खऱ्या बाळाच्या आत शिरून मोजता येत नाही. म्हणून कॉम्प्युटरमध्ये आकड्यांचं बाळ बनवतात. फुप्फुस, हृदय, यकृत – प्रत्येकाची जागा आकड्यात. त्याला फँटम म्हणतात... हो, भूतच. हसून घ्या.

आमच्याकडचं मॉडेल परदेशी, चांगलं गुबगुबीत. सरांना आपल्याकडच्या बाळांची मापं हवी होती. दिवाळीत मी धाकट्या बहिणीच्या, सुनीताच्या सासरी गेलो, सिद्धेश्वर धरणाजवळ. तिची मुलगी चार महिन्यांची होती. मी टेप काढून लांबी, डोकं, छातीचा घेर घेऊ लागलो, तर तिची सासू दारातूनच ओरडली, "जित्या लेकराचं माप काहून घेऊन राहिले तुमी?"

"मशिनीत घालायचंय, मावशी," मी म्हणालो. वर हसलोही.

पुण्यात येऊन मापं भरली. आमच्या फाइलमध्ये शरीराची डावी बाजू अधिक, उजवी वजा. दुसऱ्या दिवशी पाहतो तर हृदयाच्या आकड्याआधी वजाचं चिन्ह... म्हणजे हृदय उजवीकडे. टायपिंगची चूक समजून खोडलं, दुरुस्त आकड्यांची प्रिंटही काढून ठेवली. सकाळी परत वजा. चार दिवस हेच चाललं. बाकी सगळे अवयव जागच्या जागी, फक्त हृदय सरकलेलं. कॉम्प्युटरला नेट नव्हतं आणि खोलीची किल्ली माझ्याकडे होती. सरांनी सगळ्यांसमोर झापलं, "डावं-उजवं कळत नसेल तर गावी जा."

त्याच वैतागात एसटीडीवरून दाजींना फोन केला आणि गमतीत बोलून गेलो, "तुमच्या पोरीचं काळीज आमच्या मशिनीत उजवीकडं पळून राहिलंय."

पंधरा दिवसांनी पोरीला ताप, खोकला. वसमतला एक्स-रे काढला. हृदय उजवीकडे. फिल्म उलटी धरली असेल म्हणून दाजींनी दुसरी काढायला लावली, तीही तशीच. डॉक्टरांनी समजावलं की काहींचं जन्मतःच असं असतं, हिच्या तब्येतीला धोका नाही. पण घरात डॉक्टरचं कोण ऐकतं? माझा फोन मात्र सगळ्यांच्या लक्षात होता.

सासूने सुनीताला लेकरासकट आमच्या घरी आणून सोडलं. बातमी ऐकून मीही आलो होतो. बाई उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत, पाणीही घेतलं नाही. "तुमी फिरवलं, तुमीच बराबर करा. फोटूत काळीज डावीकडं दिसलं की घेऊन जाऊ. न्हाई तर ठेवा तुमच्याजवळ."

तुम्ही म्हणाल, माप घेताना हाताला ठोके उजवीकडे लागले असतील. असतीलही. मग चिन्ह कोण टाकत होतं?

खोटं बोलायची सोय नव्हती, सुनीताच्या सासूबाई परत एक्स-रे काढायला लावणार होत्या. सुनीता माझ्यामागे लागली. मी तिला तासभर समजावलं की आकड्यांनी माणसाच्या आत काही होत नसतं.

"व्हत नसंल तर खोड की मग," ती म्हणाली. "तुहं काय जातंय?"

पुण्याला गेलो, फाइल उघडली. वजा होतंच. बोट बटणावर ठेवलं आणि तिथेच थांबलो. पोरगी त्या घटकेला आमच्या घरी दूध पीत असेल, खेळत असेल. तिचं काळीज होतं तिथे नीट चालू होतं. समजा या वेळी चिन्ह परत आलंच नाही, तर तिच्या छातीत काय होईल? मी घाबरलो. सरळ सांगतो, घाबरलो. कॉम्प्युटर बंद केला आणि महिन्याभरात प्रोजेक्टही सोडला.

ते चिन्ह कुठून येत होतं, मला आजही सांगता येत नाही. भाची शाळेत जाते, धडधाकट आहे. सासरचं कुणी फिरकलं नाही. सुनीता आमच्याच घरात राहते, मला ताट वाढते, पण बोलत नाही. मी पुण्याहून येऊन खरं काय ते सांगितलं, त्या दिवशी शेवटचं बोलली.

"म्हंजी तूबी मानतोस," ती म्हणाली. "अन् मानूनबी खोडलं न्हाईस."