मामांच्या पोटातली नळी

माझ्या मामांच्या स्वादुपिंडाच्या टोकाला गाठ निघाली. मामा आंदर मावळात भात पिकवतात, वय सत्तरीपुढे. पुण्यातल्या सर्जननी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवली. घरात एकच प्रश्न होता, हे सुरक्षित आहे का? बातमीदारीच्या सवयीनं मी त्याचे तुकडे करून विचारले: अशा किती केल्या, मध्येच पोट किती वेळा उघडावं लागलं, आणि भीती कशाची. पहिल्या दोन्हींना त्यांनी सरळ उत्तरं दिली. उघडावं लागलं तर ते अपयश समजू नका, असंही म्हणाले. तिसऱ्याला म्हणाले:

"गळतीची. कापलेल्या कडेतून पाचक रस झिरपू शकतो. कुठल्याही पद्धतीनं केलं तरी. बाहेरची भोकं लहान म्हणून आतलं काम लहान होत नाही."

शस्त्रक्रिया नीट झाली. रस थोडा झिरपत होता, म्हणून मामांना पोटात नळी ठेवूनच घरी सोडलं. नळीच्या टोकाला पिशवी. रस आत साठला तर जंतुसंसर्ग होतो, म्हणून तो बाहेर यायला हवा होता. तो कमी झाला की नळी काढायची. गावाला एसटी मोजक्याच, त्यामुळे मामा तळेगावात आमच्याकडे राहिले. रोज सकाळ-संध्याकाळ बायको पिशवी मापाच्या पेल्यात रिकामी करी आणि मी वहीत आकडा लिही.

गावाकडची माणसं बघायला येत. मामा सदरा वर करून दाखवत.

"एवढंच व्हय? आमाला वाटलं, उभा चिरला आसंल."

"मांजर बोचकारतं तवा यापरीस लय लागतं, आबा!" दुसरं कुणी मामांना म्हणे.

मामा खूश होत.

पहिले चार दिवस आकडा साठ-सत्तर मिलिलिटरच्या आसपास होता. पाचव्या दिवशी पंचवीस. मग वीस, मग पंधरा. मी वहीच्या पानाचा फोटो रुग्णालयात पाठवला. सोमवारी या, नळी काढू, असा निरोप आला. एका दिवसात एवढा उतरलेला आकडा कुणी बातमीत दिला असता, तर मी छापण्याआधी फोन केला असता. इथे केला नाही. तो आकडा आम्हाला हवाच होता.

रविवारी संध्याकाळी गावाहून मामी आल्या. बायकोच्या हातात पेला बघून म्हणाल्या, "तू कशाला ग मोजतीस? हे तर फोनवर म्हनत हुते, रोज उठल्या उठल्या सोताच मोरीत ओतून येतो."

बायकोनं पेला खाली ठेवला. मी मामांकडे पाहिलं.

"सूनबाईनं माजी घाण उचलायची? आमच्यात न्हाई चालत आसं," मामा म्हणाले. "चार दिस सोसलं, मग सोताच वतू लागलो. थोडं ठेवत हुतो तिच्यासाठी. तिला वाईट वाटाया नगं."

"आवं, डाक्टर त्या घाणीवरच तर बघतोय!" मामी ओरडल्या.

मी लगेच रुग्णालयाला कळवलं. सोमवारी नळीतलं पाणी तपासलं. गळती चालूच होती, नळी राहिली. नुसत्या वहीवर तुम्ही ती काढली असती का, असं मी सर्जनना विचारलं.

"पाणी तपासलंच असतं," ते म्हणाले. "पण असे आकडे समोर आले की माणूस निर्धास्त होतो. मीसुद्धा."

त्या वर्षीची भाताची लावणी मामांविना झाली. मोजायला ते एका अटीवर तयार झाले: पिशवी तेच ओतणार, सूनबाईनं हात लावायचा नाही, लांबून फक्त आकडा वाचायचा.

"किती, सूनबाई?"

"साठ."

"लिव्ह रे."

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिनं "दहा" म्हटलं. मी लिहिलं नाही. तिनं मामांना पेला खिडकीच्या उजेडात धरायला लावला आणि आकडा पुन्हा वाचला. मग मीही उठलो आणि जवळ जाऊन पाहिलं.