फळ्यावरचे एकवीस तोटे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे कुणी हसलं की माझी लय तुटते, आणि हा किस्सा माझ्याच फजितीचा असल्यामुळे तुम्ही हसणार हे मला बराबर माहीत आहे. घ्या, चहा घ्या.

घनसावंगी तालुक्यातल्या एका खेड्यात, हायस्कुलात, मी तेव्हा नववीला गणित अन् विज्ञान शिकवायचो. पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. माझ्यात गुण एकच होता, अक्षर. कुणाचा अर्ज असो, लग्नपत्रिकेचा मजकूर असो, माणूस कागद घेऊन माझ्याच दारात. ग्रामसेवकाचं अक्षर त्याचं त्यालाच लागायचं न्हाई, म्हणून ग्रामसभेचं प्रोसिडिंगसुद्धा मीच लिहायचो. 'सरांनी लिवलंय' म्हटलं की गावाच्या लेखी ते पक्कं. मला याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू, चांगलाच होता.

तर त्या वर्षी गावच्या तलावात मासे पाळू द्यायचे का न्हाई, यावर रविवारी ग्रामसभा बसणार होती. तलाव मागत होते सखाराम भोई. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारं, पण गावात काम न्हाई. दिवाळी झाली की बिऱ्हाड गोदावरीच्या काठाला जायचं ते पाऊस पडल्यावर परत यायचं. त्यांची मंगल माझ्याच वर्गात होती. तलाव मिळाला तर घर गावातच राहणार अन् मंगल दहावीला बसणार. न्हाई मिळाला तर दिवाळीत तिची शाळा सुटणार, अन् एकदा सुटली की सुटलीच. हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. मलाही होतं.

मला वाटलं, विषय नामी आहे. पोरांना दोन्ही बाजू तोलून बघायला शिकवू. फळ्यावर मधोमध रेघ मारली. वर लिहिलं 'तलावात मासे', डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे.

फायदे पटापट सहा निघाले. तोट्यांवर मात्र एकही हात वर येईना.

"अरे, एक तरी तोटा सांगा."

"सर, मंगलसमोर कसं सांगावं?" पहिल्या बाकावरचा दत्ता म्हणाला.

तर मंगलच उठली. "सांग की. मला न्हाई राग येत."

मला भरून आलं. अन् भरून आलं की माणूस जरा जास्तच करतो बघा. मी म्हणालो, "उद्या प्रत्येकानं घरून एकेक तोटा विचारून आणायचा. मोठ्या माणसांना विचारा."

आता तुम्हीच विचार करा. संध्याकाळी गावातल्या चाळीस घरांत पोरगं जेवता जेवता विचारून राह्यलंय, "आबा, तलावात मासे सोडले तर नुकसान काय हो? सरांनी विचारलंय." फायद्यांचं कुणी विचारलंच न्हाई, ते वर्गात झालेले. मंग गावानं काय समजायचं? सर माशांच्या विरोधात आहेत, दुसरं काय.

शनिवारी सकाळी तोट्यांची नुसती रास पडली. म्हशी पाणी पिणार न्हाईत. मासे म्हशींच्या सडांना चावतील. बगळे येतील. राखण कोण करणार? लहान पोरं पाण्यात उतरतील. उन्हाळ्यात तलाव आटला तर? सारखे सारखे वगळून एकवीस उरले. मी आकडे घालून, वळणदार अक्षरात, सगळे लिहून काढले अन् म्हणालो, "सोमवारी यातला एकेक तपासू. खरा किती, खोटा किती."

शेवटचा तास भूमितीचा, तोही माझाच. फळ्यावर जागा कुठं होती? तोटे एवढ्या कष्टानं गोळा केलेले, ते पुसायला हात धजेना. फायदे काय, सहाच, राहतील की ध्यानात. डावी बाजू पुसली, त्रिकोण काढला, प्रमेय उरकलं, खाली लिहिलं 'हे सिद्ध झाले'. घंटा झाली. जाता जाता तोट्यांखाली ठळक 'पुसू नये' लिहिलं अन् सही ठोकली. सहीची काय गरज होती? काही न्हाई, हाताला सवय.

रविवारी मी जालन्याला गेल्तो. मेव्हणीच्या लग्नाचा बस्ता होता. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात बायका साड्या उलगडून राह्यल्या अन् मी गादीवर टेकून बसलेलो. सभा चारला होती. वेळेवर निघालोही, पण एसटी अंबडजवळ पंक्चर झाली. तिथं रस्त्यात उभा असताना मला आठवलं. पंचायतीची खोली लहान, म्हणून ग्रामसभा दर वेळी नववीच्या वर्गात बसते.

पोचलो तर वर्ग गच्च भरलेला. मोठी मोठी माणसं बाकांवर अंग चोरून बसलेली अन् सगळ्यांच्या नजरा फळ्यावर. सरपंच तात्या माझीच फूटपट्टी त्रिकोणावर ठेवून समजावून सांगत होते.

"हा आपला तलाव. अ, ब, क, ह्या तीन कोपऱ्यांला धोका हाये. सरांनी मोजमाप काढलंय बिलकुल. खाली लिवलंय, सिद्ध झालं. अन् सही बी केली."

सखाराम भोई भिंतीला टेकून खाली बघत होते. मंगल दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, अन् मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"तात्या, ती भूमिती आहे," मी म्हणालो.

"असू द्या की. तोटे तर तुमचेच ना?"

"तोटे आहेत, पण फायदेही आहेत."

"कुठं हायेत?"

"पुसले."

"का?"

"जागा नव्हती."

मागून भानुदास आबा बोलले. गावात सगळ्यात जास्त म्हशी त्यांच्या. "मंग तोंडी सांगा. सर हायेत तुम्ही."

मी बोट वर केलं. "एक, गावाला ताजे मासे मिळतील. दोन..." अन् दोन काही आठवेना. शपथ घेऊन सांगतो, डोकं कोरं. पन्नास माणसं वाट बघून राह्यलेली. "दोन, मासे ताजे असतील."

"सर, वही आणू का?" दारातून मंगल म्हणाली.

ती पळत घरी गेली अन् वही घेऊन आली. आधी सहा फायदे वाचले. मंग पान उलटलं, तर तिथं एकवीसही तोटे, अन् प्रत्येकासमोर तिचं उत्तर. सोमवारची वाट न बघता पोरीनं सगळे तपासून ठेवलेले.

"आबा, तुमच्या म्हशी गोदावरीचं पाणी पितेत का न्हाई?"

"पितेत की."

"तिथं मासे न्हाईत का?"

"हायेत की. अन् म्हशी बी धडधाकट हायेत," आबांनीच कबूल केलं.

"तलाव आटायच्या आधी मासे काढायचे, बाबा पाणी बघूनच जाळं टाकतेत. राखण आमची, आम्ही गावातच राहणार ना मंग." असं करत ती एका तोट्यावर थांबली. "लहान पोरं पाण्यात उतरतील, हा तोटा खरा हाये. त्याला कुंपणच पाहिजे."

तिनं तो मान्य केला अन् तिथंच सभा फिरली. हात वर झाले, आबांचा सगळ्यात आधी. सखाराम भोयांनी उपरण्यानं तोंड पुसलं. माझेही डोळे भरले, न्हाई म्हणणार न्हाई. दोन्ही बाजू तोलायला हिला शिकवलं कुणी? मी! छाती अशी फुगली म्हणता.

फुगलेली होती तेवढ्यात तात्यांनी प्रोसिडिंग बुक माझ्यापुढं सरकवलं. "लिवा सर. तुमचं अक्षर चांगलं हाये."

मी लिहिलं, 'तलाव श्री. सखाराम भोई यांस मासे पाळण्यासाठी देण्यात येत आहे.'

"अट पहिली, तलावाला काटेरी कुंपण घालावे."

लिहिलं.

"अट दुसरी," तात्यांनी घसा खाकरला, "मासे निघेपर्यंत सरांनी शाळेच्या फळ्यावर माशांविषयी काहीही लिहू नये."

मी मान वर केली. सगळे गंभीर. फक्त मंगलनं वहीत तोंड लपवलं होतं. काय करता? लिहिलं, वळणदार अक्षरात, काना-मात्रा न चुकता.

"आता सही करा," तात्या म्हणाले, "अन् तिच्या खाली ते तुमचं लिवा, 'पुसू नये'."